धोब्याची वही आणि जुलैतला विस्तव

मंडळी, आधीच एक इशारा देऊन ठेवतो. आज ज्या कादंबऱ्यांविषयी बोलायचं आहे, त्यांतल्या काहींचं रहस्य इथे फुटणार आहे. घड्याळ उघडल्याशिवाय त्याची चाकं दाखवता येत नाहीत. ज्यांना त्या अजून वाचायच्या आहेत, त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा घ्यावा. राग येणार नाही.

विषय आहे इंग्लंडमधल्या खानदानी घरांतल्या खुनांच्या कथा. गावाबाहेरचा प्रशस्त बंगला, आठ-दहा पाहुणे, बटलर, आणि सकाळी ग्रंथालयात सापडलेलं प्रेत. या प्रकाराची यथेच्छ टिंगल झालेली आहे. अमेरिकन लेखक रेमंड चँडलर याने १९४४ साली एका निबंधात या सगळ्या कारागिरीची सालं काढली. खरे खून असे होत नाहीत, हा त्याचा मुद्दा रास्तच आहे. पण ‘बंगला, नोकरचाकर, चांदीची भांडी ही नुसती सजावट आहे’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मात्र मला पटत नाही. श्रीमंती हा या कथांचा चालता भाग आहे. श्रीमंताच्या घरात मालक स्वतःच्या हाताने जवळजवळ काहीच करत नाही. कपडे दुसरा धुतो, चूल तिसरा पेटवतो, औषधाची बाटली चौथा आणून देतो. खून मात्र स्वतःलाच करावा लागतो, आणि तो लपवण्यासाठी आणखी चार कामं स्वतःच करावी लागतात. मग ती डोळ्यांत भरतात.

याचा उगम एका खऱ्या प्रकरणात आहे. २९ जून १८६० च्या रात्री विल्टशरमधल्या रोड हिल हाउस नावाच्या घरातून सॅव्हिल केंट हा चार वर्षांचाही न झालेला मुलगा नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत आवारातल्या शौचकूपात सापडलं. स्थानिक पोलिसांनी दोन आठवडे घोळ घातला, तेव्हा स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. त्याने पकडलेला धागा म्हणजे धोब्याची वही. घरातली सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स, मृत मुलाची सावत्र बहीण. तिच्याकडे रात्री घालायचे तीन झगे होते, त्यांतला एक गायब. वहीत मात्र तो धुवायला दिल्याची नोंद. व्हिचरचा तर्क असा: रक्ताचा झगा तिने नष्ट केला. मग सोमवारी कपड्यांची मोजदाद होऊन टोपली भरली गेल्यावर मोलकरणीला पाणी आणायला धाडलं आणि तेवढ्यात एक स्वच्छ झगा टोपलीतून परत काढून घेतला. म्हणजे हरवल्याचा ठपका धुणाऱ्या बाईवर.

युक्ती बघा किती बारीक आहे. आपले कपडे आपणच धुणाऱ्या घरात ती सुचलीही नसती आणि सापडलीही नसती. व्हिचरने कॉन्स्टन्सला अटक केली, पण झगा काही मिळाला नाही आणि न्यायाधीशांनी तिला सोडून दिलं. एका सामान्य घरातल्या पोलिसाने सभ्य घरातल्या मुलीची अंतर्वस्त्रं मोजावीत यावर वर्तमानपत्रांनी आगपाखड केली आणि व्हिचरची नोकरीतली पत धुळीला मिळाली. १८६५ साली कॉन्स्टन्सने आपण होऊन कबुली दिली.

तीन वर्षांनी, १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ आली. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिरा यॉर्कशरच्या एका बंगल्यातून चोरीला जातो. दाराला नुकताच रंग दिलेला आहे, तो बारा तासांत वाळतो, आणि सकाळी त्यावर एक ओरखडा दिसतो. वाळण्याचा हिशेब उलटा मांडला की ओरखड्याची वेळ मिळते: मध्यरात्रीनंतर, पहाटे तीनच्या आत. म्हणजे कुणाच्या तरी कपड्याला रंग लागलेला असणार. तपासाला आलेला सार्जंट कफ काय मागतो? धोब्याची वही. इथे कॉलिन्सने व्हिचरच्या प्रकरणातला झगा उचलला आहे हे उघड आहे, पण त्याने एक चाक जास्त बसवलं. रोझाना ही मोलकरीण रंगाचा डाग लागलेला झगा लपवते आणि त्याच्या जागी नवा शिवून ठेवते. त्यासाठी गावातल्या दुकानातून कापड आणावं लागतं, त्याची दुकानात नोंद होते. रात्रभर दार लावून बसावं लागतं, तर बाकीच्या मोलकरणींना दाराखालचा उजेड दिसतो आणि विस्तवाची तडतड ऐकू येते. एक झगा लपवायला तिला किती खुणा मागे ठेवाव्या लागल्या, ते मोजा.

आता अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयाच्या औषधखान्यात काम केलं होतं. तिची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ १९२० मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये निघाली. तीत एक सधन म्हातारी स्ट्रिक्नीनने मरते. सगळे कॉफीचा कप आणि कोकोचं भांडं हुंगत बसतात, आणि विष असतं तिच्या रोजच्या टॉनिकमध्ये. टॉनिकमध्ये स्ट्रिक्नीन असणं त्या काळी नेहमीचंच. कादंबरीत औषधशास्त्राच्या पुस्तकातली कृती दिली आहे: स्ट्रिक्नीन सल्फेट १ ग्रेन, पोटॅशियम ब्रोमाइड ६ ड्रॅम, पाणी घालून ८ औंस. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. अर्ध्या औंसाचा एक डोस धरला तर प्रत्येक घोटात चार मिलिग्रॅम, म्हणजे काहीच धोका नाही. पण ब्रोमाइड पडलं की स्ट्रिक्नीनचं न विरघळणारं लवण तयार होतं, त्याचे स्फटिक काही तासांत तळाशी बसतात, आणि बाटलीतला शेवटचा डोस घेणारा जवळजवळ सगळं विष एका दमात पितो. माणूस मरायला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम पुरतं, कधी त्याहूनही कमी.

खुन्याला विष विकत घ्यावं लागलं नाही, कारण ते घरात होतंच. ब्रोमाइडही होतं, झोपेच्या पुड्यांत. स्ट्रिक्नीन विलक्षण कडू, पण टॉनिक कडूच असतं, त्यामुळे तक्रार नाही. आणि शेवटचा डोस कधी येणार हे बाटलीवरून मोजता येतं, म्हणजे त्या दिवशी खुनी गावाला जाऊ शकतो. एकच कच्चा दुवा: बाटली कुणी नीट हलवून घेतली तर विष सगळ्या डोसांत वाटलं जाणार आणि बेत फसणार. औषध बनवणाऱ्यांच्या नियतकालिकाने या पुस्तकाची वाखाणणी केली होती, आणि ती पोकळ नव्हती.

पण मला त्याच कादंबरीतला विस्तव जास्त आवडतो. जुलै महिना, सावलीतसुद्धा ८० अंश फॅरनहाइट, आणि बाई आपल्या खोलीत विस्तव पेटवायला सांगते. का? युद्धामुळे घरातला रद्दी कागद फेकायची बंदी, सगळा गोण्यांत साठवायचा. जाड कागदाचं मृत्युपत्र नष्ट करायचं तर जाळण्यावाचून इलाज नाही. तिने स्वतः काडी ओढली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती हुकूम देते, कारण हुकूम देणं हीच तिची सवय, आणि हुकूम मोलकरणीच्या लक्षात राहतो. त्याच दुपारी बागेत फुलझाडं लावणाऱ्या दोन माळ्यांना आत बोलावून कागदावर सह्या घेतल्या होत्या, त्यांच्या बुटांची माती खोलीत पडली. दोन माळी का? इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राला एकाच वेळी हजर असलेले दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला त्यातून काही मिळणार असेल तर त्याचा वाटा बुडतो. म्हणून घरातलं माणूस चालत नाही, बाहेरचं कुणीतरी बोलवावं लागतं.

कायदा हे या कथांचं दुसरं चाक. डोरोथी सेयर्सची १९२७ मधली ‘अननॅचरल डेथ’ तर एका तारखेवरच उभी आहे. म्हातारी मृत्युपत्र करायला तयार नाही. १ जानेवारी १९२६ पासून वारसाहक्काचा नवा कायदा लागू होणार, आणि त्याच्या शब्दरचनेत बहिणीच्या नातीला वाटा मिळेल की नाही याबद्दल शंका. मिळाला नाही तर इस्टेट थेट सरकारजमा. म्हणून तारखेच्या आत म्हातारी मरायला हवी. हेतू अव्वल, पण पद्धत लंगडी: पिचकारीने शिरेत हवा सोडून मारणं. माणूस मारायला साधारण २०० ते ३०० मिलिलीटर हवा झपाट्याने आत जावी लागते, आणि साधी पिचकारी त्यापुढे काहीच नाही. सेयर्सच्या ‘क्लाउड्स ऑफ विटनेस’मध्ये एका ड्यूकवर खुनाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहात चालतो. ही कल्पना वाटते, पण तसा कायदा खरोखरच होता. असा शेवटचा खटला डिसेंबर १९३५ मध्ये लॉर्ड डी क्लिफर्ड यांच्यावर मोटार अपघाताबद्दल चालला, ते सुटले, आणि १९४८ साली ही पद्धत रद्द झाली.

हे सगळं आपल्याकडे आणताना लेखक का अडखळतात, तेही याच कायद्यात आहे. इंग्रज म्हातारा सगळी इस्टेट हव्या त्या पुतण्याच्या नावे करू शकतो, म्हणून पुतण्याला त्याच्या मरणाची घाई. आपल्या हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मापासूनच. आजोबांना मारून मिळायचं ते थोडंच, उलट वाटणीचा दावा लावणं सोपं. वाड्यातला खून लिहायचा असेल तर म्हाताऱ्याची मिळकत स्वकष्टार्जित ठेवावी, नाहीतर हेतू पहिल्याच प्रकरणात कोलमडतो.

नोकरांबद्दल थोडक्यात. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकाराने १९२८ मध्ये या लेखनाचे वीस नियम छापले, त्यांत नोकराला गुन्हेगार करू नये असा एक आहे. कारण उघड वर्गीय आहे, तरी त्यामागे थोडं कारागिरीचं शहाणपणही आहे. नोकराला सगळ्या खोल्यांत मुक्त वावर, त्यामुळे तो खुनी निघाला तर कोडंच उरत नाही. खरी फसवेगिरी वेगळीच: बरेचसे लेखक मोलकरणीला सगळं बघायला लावतात आणि तिला त्याचा अर्थ कळू देत नाहीत. कॉलिन्सने हे केलं नाही, म्हणून रोझाना आजही जिवंत वाटते.

कारागिरीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या मृत्यूच्या वेळेत. कादंबरीतला डॉक्टर प्रेताचं मनगट दाबून म्हणतो, ‘पावणेअकरा ते सव्वाअकरा.’ असं कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. शरीराचं तापमान तासाला साधारण दीड अंश फॅरनहाइटने उतरतं, पण खोलीत विस्तव असेल, अंगावर रजई असेल, माणूस जाडजूड असेल तर उतरण मंदावते. अंगाचा ताठरपणा जबड्यात दोन-चार तासांत सुरू होतो आणि पूर्ण व्हायला बारा तासांच्या आसपास लागतात. अंदाजाला दोन-तीन तासांची ढील द्यावीच लागते. म्हणून चांगला लेखक डॉक्टरवर विसंबत नाही. जेवणाआधी कपडे बदलण्याची घंटा, जेवणाची वेळ, बायका उठून गेल्यावर पुरुषांचं पोर्ट पीत बसणं, रात्री दाराबाहेर ठेवलेले बूट, पहाटे विस्तव पेटवायला येणारी मोलकरीण, ही घरचीच घड्याळं तो वापरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे घर मोडलं. ख्रिस्तीने ते ओळखलं, आणि १९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये नव्या परिस्थितीचाच पुरावा केला. आता घरात एकच स्वयंपाकीण, तीही परदेशातून आलेली निर्वासित. शेजारी कोण आणि कुठून आले हे कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी नवा माणूस ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचा, आता तो स्वतःबद्दल सांगेल तेवढंच कळतं, असं ख्रिस्तीची हौशी शोधिका मिस मार्पल सांगते. संध्याकाळी साडेसहाला दिवे जातात, अंधारात गोळी सुटते. आलेले पाहुणे एकामागून एक सहज म्हणतात, ‘अरे वा, तुमच्याकडे सेंट्रल हीटिंग चालू आहे!’ इंधनाची टंचाई असताना सगळं घर एकदम तापवण्याची ही सोय ऑक्टोबरातच का चालू केली? दिवाणखान्यात विस्तव पेटवला असता तर त्याच्या उजेडात सगळं दिसलं असतं. स्टाइल्सला विस्तव असायला नको होता, इथे तो असायला हवा होता. मोलकरणीची साक्ष काढायची सोय नव्हती, म्हणून ख्रिस्तीने ती कोळशाच्या बिलाने हळहळणाऱ्या शेजाऱ्यांकडून काढली.