तीस मिली खोबरेलात सहा थेंब

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर, पडवी, जूनचा पाऊस)

मिरग लागून आठवडा झालाय. अंगणातली अबोली, अनंत, तगर सगळी पावसात न्हातायत. एकच कुंडी तेवढी पागोळ्यांपासून हातभर आत, पडवीत सरकवून ठेवलेली आहे. पान कातरलेलं, खरखरीत दिसतं पण हाताला मऊ लागतं, कारण अंगभर बारीक लव आहे. दोन बोटांत धरून हलकेच चोळलं की गुलाबाचा वास येतो. फूल इवलंसं, फिकट गुलाबी, त्याला फारसा वास नाही. सुगंध सगळा पानात. त्या लवेतल्या कित्येक केसांच्या टोकाशी तेलाची सूक्ष्म पिशवी असते. बोट फिरलं की ती फुटते.

हे जिरेनियम. शास्त्रीय नाव पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स, माहेर दक्षिण आफ्रिका. ग्रीकमध्ये 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा. या झाडांचं फळ करकोच्याच्या चोचीसारखं लांबट, टोकदार असतं. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटानं याच्या पानांतल्या तेलाला जगभर नाव मिळवून दिलं. आपल्याकडे हे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत, येरकौडच्या डोंगरात आलं. आता महाराष्ट्रात घाटावरचे शेतकरी ते एकरांनी लावतात.

कोकणात मात्र शेत म्हणून लावायला मी कुणाला सांगणार नाही. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि या झाडाच्या मुळांशी पाणी साचलं की ती कुजतात. सुगंधी आणि औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेनं पावसाळ्यात मातृरोपं जगवण्यासाठी प्लॅस्टिकच्या आडोशाची स्वस्त पद्धत बसवली आहे. इथं पडवी तेच काम करते, एका कुंडीपुरतं.

(दृश्य: भट्टी, वाफ, नळीतून पडणारं पाणी)

तेल निघतं वाफेवर. काजूच्या बोंडांची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. खाली जाळ, वर पाला, वाफ नळीतून थंड पाण्याकडे आणि पलीकडच्या भांड्यात थेंब थेंब. तेल पाण्यावर तरंगतं, ते अलगद काढून घ्यायचं. साधारण टनभर हिरव्या पाल्यातून तेल मिळतं एखादा किलो. गुलाबाचं तेल तेवढंच हवं असेल तर तीन-चार टन पाकळ्या लागतात. म्हणून अत्तर आणि साबण करणारे जिरेनियमकडे वळले. दोन्ही तेलांत सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे सुगंधी घटक आहेत. नाकाला गुलाब भासतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

एक जुनी गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ती आपल्या खानदेशातली आहे. तिथल्या माळांवर रोशा गवत उगवतं. त्याचं तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथं गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. बाजारात त्याला 'इंडियन जिरेनियम' किंवा 'टर्किश जिरेनियम' म्हणत, जिरेनियमशी काही नातं नसताना! आजही महागड्या जिरेनियमात रोशाचं तेल मिसळलं जातं. म्हणून बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव बघा. काच गडद रंगाची हवी. आणि कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा: दुसऱ्या दिवशी तेलकट पारदर्शक डाग तसाच राहिला असेल, तर त्यात खाद्यतेलासारखं, उडून न जाणारं स्वस्त तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी.

(दृश्य: स्वयंपाकघर, खोबरेलाची वाटी)

माझी मावशी घाण्यावरचं खोबरेल वापरते. तीस मिलीची बाटली भरते, वर जिरेनियमची बाटली तिरकी धरते, आणि सुनेला बजावते, "थेंब मोजून घाल गो, अंदाजान नको." एका मिलीत साधारण वीस थेंब, तीस मिलीत सहाशे. त्यातले सहा म्हणजे एक टक्का. चेहऱ्याला तेवढं पुरे, हातापायांना बारा चालतील. थेट बाटलीतलं तेल कातडीवर कधीच नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. खाज, लाली आली तर विषय संपला; जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल काहींना सोसत नाहीत, युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्यांची नावं छापणं त्यासाठीच बंधनकारक आहे.

पावसाळ्यात आमच्या घरांना कुबट वास येतो. गोधड्या, लोकरीचे कपडे, कपाटातला लग्नाचा शालू-शेला. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा छोट्या वाटीत, वाटी कपाटाच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकता. ओल त्यानं जात नाही, पण कपाट उघडताना बरं वाटतं. मला या तेलाचा सगळ्यात खरा उपयोग हाच वाटतो: वासानं मन हलकं होतं. प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बायकांना हे तेल हुंगायला दिल्यावर त्यांची भीती थोडी कमी झाली, असं इराणमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. मात्र गरोदरपणात घरच्या घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांना विचारूनच.

आता जे सांगितलं जातं आणि जपून ऐकायला हवं ते. हे तेल बुरशी मारतं असं प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत दिसलंय. जांघेतलं गजकर्ण ही ताटली नव्हे, त्याला त्वचेचा डॉक्टरच हवा. कुंडी खिडकीत ठेवली म्हणून डास जात नाहीत. पोटात घ्यायचं तर अजिबात नाही. आणि कोकणातल्या घरात मांजर असतंच. तिला हे झाड आणि तेल दोन्ही अपायकारक आहेत, कुंडी तिच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

गोचिडांबद्दल थोडं थांबून सांगते. या तेलातला एक घटक गोचिडांना दूर ठेवतो असं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण ती गोचीड तिकडची, वेगळ्या जातीची. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापानं माणसं गेली आहेत, आणि तो गोचिडीमुळेच होतो. काजूच्या बागेत जाताना आरोग्य खातं देतं तेच तेल अंगाला लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तिथं सुगंधी तेलावर विसंबून राहू नका. ही विनंती मी हात जोडून करते आहे.

(दृश्य: पुन्हा पडवी, संध्याकाळ)

या झाडाला आपल्याकडे बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. ते वाढतं काडीवर. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की मावशी वीतभर लांबीच्या चार काड्या कापेल, खालची पानं खुडेल, वाळू मिसळलेल्या मातीत खोचेल. खुडलेली पानं ती टाकत नाही. पदराच्या टोकाला बांधते आणि सांजवातीला तशीच जाते.