गाळणी

(दृश्य: पहाट. ओट्यावर मोबाइल वाजतोय. एक हात तो बंद करतो.)

साडेपाचचा गजर. काकू उठतात, गॅस पेटवतात, पेजेचं पातेलं हातात घेतात आणि तशाच उभ्या राहतात. पेज आता कुणाला द्यायचीच नाही. काका गेले ते पौषात. आता वैशाख लागतोय, पण गजर काही काकूंनी काढलेला नाही.

हे गाव जळगाव जिल्ह्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. काकांना तोंडाचा कॅन्सर होता. तंबाखू तरुणपणापासूनची. जबड्याचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, किमो झाली. सगळे मिळून चौदा महिने. त्यातले शेवटचे सात महिने तोंडावाटे एक घास गेला नाही. नाकातून पोटात नळी होती. पेज, मुगाचं वरण, दूध, जे काही असेल ते मिक्सरमधून काढायचं, मग बारीक गाळणीतून गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. काकांना टेकून बसवायचं, मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं, वरून पाणी द्यायचं, आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दर तीन तासांनी हेच. म्हणजे दिवस उरतोच कुठे?

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला टांगलेली स्टीलची गाळणी.)

काका गेले आणि दारावर माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, ‘सुटले बिचारे.’ खोटं नव्हतं ते. वेदना फार होत्या. पण हा शब्द काकूंना का टोचत होता, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. शेंगा सोलता सोलता, आमच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘ते गेले त्याच्या दुसऱ्या रात्री मी झोपले. सलग झोपले, उजाडेपर्यंत. उठले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटले मी. आणि मग माझीच मला इतकी लाज वाटली, की कुणाला सांगू शकले नाही.’

हे बोलणं काकूंना विचारूनच इथे ठेवलं आहे. ‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्यासारखी आणखी कुणी असेल.’

आहेत, काकू. घराघरात आहेत. दीर्घ आजारात ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्या माणसाला शेवटी हायसं वाटतं. ते वाटणं आणि जिवाचं तुटणं एकाच छातीत, एकाच वेळी असतं. त्यात प्रेम कमी पडल्याचा पुरावा शोधू नये. दमलेलं शरीर झोप मागतं, ते शोक कळून मागत नाही. शिवाय काकूंचा शोक पौषात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. ऑपरेशननंतर काकांचा आवाज गेला, त्या दिवशीच त्यांनी पहिल्यांदा काहीतरी गमावलं होतं. मग त्यांचं जेवण गेलं, ओट्यावर बसणं गेलं. माणूस समोर होता, तेव्हापासून त्या त्याला थोडं थोडं निरोप देत होत्या.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपण सगळीकडे ऐकतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना एकेक पायरी चढत जावं लागतं, असा त्याचा अर्थ नाही. मला जास्त पटतं ते नेदरलँड्समधले अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचं म्हणणं. 1999 साली त्यांनी लिहिलं की शोकातला माणूस हेलकावे खातो. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढ्यातल्या कामाकडे. दोन्हीकडे जाणं गरजेचं. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोका खेळतात, तसंच हे. एका टोकाला कुणी कायमचं थांबत नाही.

कुणी थांबलंच, महिनोन्‌महिने रोजचं जगणं अडून बसलं, तर मात्र तिकडे लक्ष द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि त्यासाठी निदान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. तेव्हा तेराव्यानंतर लगेच ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आणि कुणाला आधाराची गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

(दृश्य: दादर स्टेशन. काकूंच्या हातात पिशवी.)

मार्चमध्ये काकू एकट्या मुंबईला आल्या. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, त्यामुळे इतके दिवस सवलतीचा फॉर्म भरून प्रवास व्हायचा. या वेळी खिडकीवर पूर्ण तिकीट काढताना त्यांना रडू फुटलं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून, परळच्या टाटा रुग्णालयात त्यांनी किती खेपा घातल्या होत्या! 1941 पासून उभं असलेलं ते रुग्णालय, आणि बाहेर फुटपाथवर फायली छातीशी धरून बसलेली खेड्यापाड्यांतली माणसं.

पिशवीत न उघडलेले पावडरचे डबे होते, कोऱ्या सिरिंजा होत्या. एका तरुण बाईच्या नवऱ्याला आदल्या दिवशीच नळी घातली होती. तिचा हात थरथरत होता. काकू शेजारी बसल्या. ‘घाई नको. आधी थोडं कोमट पाणी. त्यांच्या तोंडाकडे बघ, सिरिंजकडे नको.’

(दृश्य: अक्षय्य तृतीया. मातीची घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा.)

आज आखाजी. घरात गेलेल्या माणसाच्या नावाची घागर भरली आहे. चुलीवर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायची आहे. पुरणपोळी झाली, सांजोरी झाली, भजी झाली. सात महिने काका ज्या ज्या गोष्टींच्या नुसत्या वासावर राहिले, त्या सगळ्या पानात आहेत.

शेवटी रस. काकू आंबे पिळतात. हात सवयीनं भिंतीकडे जातो, गाळणी खाली येते. क्षणभर ती तशीच हातात राहते.

‘त्यांना रेषांसकट आवडायचा,’ काकू म्हणतात, आणि गाळणी परत खिळ्याला अडकवतात.