एप्रिलातली वाई, सायकलवरून

पुलावर गाडी थांबवली तर मागचे हॉर्न मारून जीव खातात, पण सायकलला कोणी काही बोलत नाही. कठड्याला टेकवायची आणि निवांत खाली बघायचं. सकाळचे साडेसहा वाजलेत, ही कृष्णा. महाबळेश्वरातून निघून इथे पोचेपर्यंत तिने जेमतेम सुरुवात केलीये, अजून जवळपास १,४०० किलोमीटर जायचंय तिला, पार आंध्रात समुद्रापर्यंत. आणि हे तिच्या वाटेवरचं पहिलं मोठं गाव, वाई.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. तसं आपल्याकडे नदीकाठी चार देवळं असली की त्या गावाला कोणीतरी दक्षिण काशी म्हणतंच, त्यामुळे ते सोडून देऊ. मला वाईत वेगळीच गोष्ट दिसली, की इथल्या जुन्या माणसांनी जे जे बांधलं ते पाणी डोक्यात ठेवून बांधलं, आणि आम्ही शहाणे शूटिंगला आलो एप्रिलात, जेव्हा पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त दिसतात.

सायकल मामाची. तिला गियर नाहीत, आणि घंटी आहे पण वाजत नाही. कॅमेरावाला मित्र मागून स्कूटरवर.

पहिला थांबा अर्थातच ढोल्या गणपती. हे देऊळ १७६२ साली पेशव्यांचे सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, आणि नावाप्रमाणेच, म्हणजे आत शिरलं की गाभाऱ्यात दुसऱ्या कशाला जागाच नाही असं वाटतं. बहुतेक लोक दर्शन घेतात, पायऱ्यांवर फोटो काढतात आणि जातात. तुम्ही तसं करू नका, देवळाला वळसा घालून मागे जा.

(कॅमेरा मागच्या भिंतीवर, सावकाश)

ही भिंत बघा. सरळ नाहीये, माशासारखी निमुळती होत गेलीये. पूर आला की पाण्याचा लोंढा थेट देवळावर आपटू नये, या टोकाशी फाटून दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून. अडीचशे वर्षं पुरात उभं आहे हे देऊळ. पावसाळ्यात बातम्यांत तुम्ही बघितलं असेल, पाणी थेट मंदिरात शिरलेलं असतं, पायऱ्या दिसतच नाहीत, आणि पूर ओसरला की गाळ काढून पुन्हा पूजा सुरू. मी भिंतीवर हात ठेवून बघितला, खालचा दगड गुळगुळीत झालाय आणि वरचा खरबरीत, म्हणजे पाणी कुठपर्यंत घासून जातं ते हाताला कळतं.

शेजारीच काशीविश्वेश्वर, हेही रास्त्यांचंच, १७५७ चं. तिथला नंदी चुकवू नका, काळा कुळकुळीत, इतकी झिलई की वाटतं धातूचा आहे, आणि गळ्यातली घुंगरमाळ दगडातच कोरलेली. एक छोटी मुलगी ती घुंगरं वाजतात का बघत होती, आजी म्हणाली, "अगं दगडाची आहेत ती," तरी तिने सगळी हलवून बघितली.

आता घाटांचं. सात घाट आहेत, आणि गंमत म्हणजे घाट आणि आळी हे जोडीनेच येतं: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीची स्वतःची कृष्णाबाई. म्हणजे नदीच, पण मूर्तीच्या रूपात. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, एका आळीचा झाला की पुढच्या आळीचा, असं घाटावर मांडव घालून देवीला आणून बसवतात, कीर्तनं, गाणी, प्रसादाच्या पंगती. सुरुवात कशी झाली तर सांगतात की १६५९ ला अफझलखान वाईत तळ देऊन बसला होता, शिवाजी महाराजांवरचं संकट टळू दे म्हणून कृष्णेला नवस बोलले, आणि प्रतापगडावर जे झालं ते झालं, मग हा उत्सव. पण नदीलाच नवस बोलायचा, तिलाच पाहुणी म्हणून घरी आणायचं आणि तिच्याच काठावर जेवायला बसायचं हे मला फार आवडतं. त्याच नदीत मग सांडपाणी सोडायचं आणि वर जलपर्णी वाढली म्हणून ओरडायचं हेही आपणच करतो, असो.

बाग-बगीचा शोधायच्या भानगडीत पडू नका, संध्याकाळी घाटावर या. म्हातारे पायऱ्यांवर बसलेले, पोरांचं क्रिकेट चाललेलं, बॉल पाण्यात गेला की आउट.

गावात एक फेरी मारली की प्रज्ञापाठशाळा लागते, संस्कृत आणि शास्त्रं शिकवणारी जुनी शाळा. बाहेरून बघाल तर कोणी मुद्दाम थांबणार नाही, पण विनोबा इथे नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला येऊन राहिले होते आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, वीस खंड. मुंबई-पुणे सोडून विश्वकोश वाईत का, याचं उत्तर त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ इथे राहत होते एवढं साधं असावं असं मला आपलं वाटतं.

आता खरी सायकल. मेणवली इथून तीनेक किलोमीटर, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. हळद काढून झाल्यावर ती शिजवतात तेव्हा या भागात जो वास सुटतो तो व्हिडिओत दाखवता येत नाही, सॉरी. आणि याच सपाट रस्त्यावर मामाच्या सायकलची चेन पडली. दोनदा. दुसऱ्यांदा एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने थांबून बसवून दिली आणि म्हणाला, "ही घेऊन पसरणी चढू नका बरं का." पसरणीचा घाट म्हणजे वाई ते पाचगणी, दहा-बारा किलोमीटरची चढण, पुण्याहून सायकलवाले खास त्यासाठी येतात, भल्या पहाटे निघून, हेल्मेटबिल्मेट घालून. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. आम्ही लांबूनच नमस्कार केला.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा. पेशवाईचा सगळा कारभार ज्या माणसाच्या डोक्यात होता त्याचं हे घर, सहा चौकांचं, भिंतींवर जुनी चित्रं, रंग उडालेत पण चेहरे अजून ओळखू येतात. नानांची कागदपत्रंही इथेच होती, मेणवली दप्तर म्हणून इतिहासवाले ज्याचं नाव घेतात ते, मोडीतलं. वाड्याच्या मागच्या अंगाने खाली उतरलं की घाट, आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. हिंदी सिनेमावाल्यांनी हा घाट इतका वापरलाय की पडद्यावर तो बिहार म्हणूनही खपलाय, त्यामुळे इथे आलेल्या निम्म्या लोकांना शूटिंग कुठे झालं तेच विचारायचं असतं.

पण मला दाखवायचीये घंटा.

(घंटेचा क्लोजअप, आवाज नको, फक्त पाण्याचा)

जवळ जाऊन बघा, महादेवाच्या देवळाची घंटा आणि तिच्यावर कोण, तर बाळ येशूला घेतलेली मेरी. आणि साल १७०७. ही चर्चची घंटा आहे. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्या ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि एक ही. लुटीची वस्तू आहे, त्यात गोड काही नाही. पण वितळवली नाही, मेरी घासून काढली नाही, आहे तशी टांगली. ओतीव काम इतकं सुबक आहे की बाळाचा चेहरासुद्धा कळतो. घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींना विचारलं, ही कोण हो? "आई हाय की," म्हणाल्या, आणि पुन्हा धुणं आपटायला लागल्या.

तिथून पुढे धोम. नदीच्या कडेने, वाईपासून आठेक किलोमीटर भरतं, आणि आता ऊन चढलेलं. वर कृष्णेवर धरण आहे, १३.५ टीएमसीचं, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाण्याचं, त्यामुळे खाली वाईत नदीला पाणी किती दिसणार हे आता पावसाइतकंच धरणातून किती सोडलंय त्यावर ठरतं. रास्त्यांच्या वेळी पाणी येईल ते सोसायचं होतं, आता ते मागून घ्यावं लागतं.

धोमचं महादेवाचं देऊळ मी शेवटी मुद्दाम ठेवलं होतं. देवळासमोर दगडी कुंड आहे, कमळाच्या आकाराचं, पाकळ्या अगदी नीट कोरलेल्या, आणि मधोमध भलंमोठं कासव, त्याच्या पाठीवर नंदी. कुंड पाण्याने भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं दिसतं. ते बघायला, खरं सांगतो, मी आठ किलोमीटर पडकी चेन सांभाळत आलो होतो.

कुंड कोरडं. तळाशी पिंपळाची पानं.

देवळात खेळणारा एक पोरगा आमची तोंडं बघून म्हणाला, "पावसात या ना." मग आत गेला, कुठूनतरी तांब्याभर पाणी घेऊन आला आणि कठड्यावरून वाकून कासवाच्या पाठीवर ओतलं. करडा दगड एका क्षणात काळाभोर झाला, वरच्या खवल्यांच्या रेषा उठून आल्या, आणि पाणी पाठीवरून ओघळून एका पाकळीत जाऊन थांबलं. मी ओरडलो, घे घे, हे घे!

तो शॉट या व्हिडिओत नाहीये. मेणवलीला घंटेवर वीस मिनिटं घालवली होती ना, बॅटरी तिथेच संपत आली होती.