शहाळं परत पाठवणारी बाई

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर बोलणं कसं सुरू होतं, हे तुम्हा स्वयंसेवकांना सांगायला नको. "कुठून आलात?" "कितीला सोडतील?" एवढ्यात पलीकडून सहज येतं, "आज यांचं तीन किलो वाढलंय हो." नवख्याला वाटतं, चला, अंगावर मांस चढतंय. ज्याला कळतं तो गप्प होतो. आज मी बोलणार आहे ते या एका वाक्याबद्दल. ते म्हणणारी बाई कुणी एक नाही. प्रत्येक केंद्राबाहेर ती असते. बायको, आई, सून, कधी कधी मुलगा किंवा भाऊही. "मोठ्या धीराच्या हो तुम्ही" असं म्हणून आपण मोकळे होतो आणि तो धीर दिवसभर कुठे खर्च होतो, हे विचारायचं राहून जातं.

तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. ढोबळ नियम असा, की आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात ५०० मिली मिळवायचे आणि तेवढंच पाणी आज द्यायचं. लघवी २०० मिली झाली असेल, तर दिवसाला ७०० मिली. यात चहा, ताक, आमटी, पेज, बर्फ, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं आलं. आत यंत्राच्या गाळणीतून मिनिटाला साधारण ५०० मिली द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आणि बाहेर ही बाई अर्धा कप चहाचा हिशोब घालते आहे.

हिशोब ठेवायची चांगली रीत अशी. सकाळी एका बाटलीत ७०० मिली भरून ठेवायचं. अर्धा कप चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला घालायचं. बाटली संपली की दिवसाचं पाणी संपलं. नुसत्या तोंडी हिशोबात आमटी हमखास विसरते. तहान मात्र पाणी तोडल्याने कमी, मिठाने जास्त चाळवते. दिवसभराचं मीठ एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, आणि तेही सगळं धरून. लोणचं, पापड, फरसाण चालू ठेवून पाणी तोडलं, तर तो माणूस रात्री उठून माठाकडे जाणारच. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल आणि साखर चढलेली असेल, तरी तहान आवरत नाही. एक गंमत ध्यानात ठेवा, खरं तर गंमत नाहीच. बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रक्तदाबाला चांगलं म्हणून कुणीतरी भेट देतं. या घरात ते विषासारखं.

पोटॅशियम वाढलं की आधी काही कळेलच असं नाही. पाय जड होतात, गळाल्यासारखं वाटतं, कधी थेट हृदयाची लयच बिघडते. म्हणून बटाटा, रताळं, सुरण सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकडायचं, ते पाणी फेकायचं आणि पुन्हा नव्या पाण्यात शिजवायचं. चूक दोन ठिकाणी होते. एक, भाजी कुकरमध्ये वाफवली जाते. पाणी फेकलंच नाही तर पोटॅशियम जाणार कुठे? दुसरी चूक संस्कारातली. भाजी उकडलेलं पाणी आमटीत घालायचं, वाया घालवायचं नाही, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. 'पचायला हलकं' म्हणून डाळीचं पाणी देणं हाही तोच प्रकार. जे टाकायचं, तेच पाजलं जातं.

आता शहाळं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात शहाळं नाहीतर मोसंबी. एका शहाळ्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि या रुग्णाची दिवसाची मर्यादा असते २००० च्या आसपास. शिवाय ते पाणी मोजणीत धरायचं ते वेगळंच. शहाळं घेऊन येतात गावाकडचे मामा, तेही उन्हातून, हौसेने. ती म्हणते, "मामा, यांना चालत नाही, तुम्ही घ्या." मामांचा चेहरा उतरतो. सासूबाई आतून म्हणतात, "पोराला घोटभर पाणी देत नाही ही." पाण्याला नाही म्हणू नये अशा घरात रोज वीस वेळा नाही म्हणायचं, वाईट व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच शांतपणे म्हणायचं. मला विचाराल तर तिचं सगळ्यात अवघड काम हे आहे. कमरखाचं, म्हणजे स्टारफ्रूटचं, तर नावही नको. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते फळ थोडं खाल्लं तरी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात.

तीन किलोंकडे परत येऊ. साठ किलोच्या माणसाचं चार तासांत साधारण तीन लिटर पाणी सुखरूप काढता येतं. दर किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर ओढू नये, असं धरतात. साडेचार लिटर एका दमात ओढायला गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, घाम फुटतो. आणि 'ड्राय वेट', म्हणजे पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं, ते कायमचं नसतं. माणूस खाईना, मांस झडलं, आणि कागदावर आकडा मात्र जुनाच राहिला, तर झडलेल्या मांसाची जागा पाणी घेतं. काटा तेच दाखवतो आणि रात्री आडवं झालं की दम लागतो. उलट, भूक सुधारून अंग भरलं आणि आकडा जुनाच, तर दर वेळी जास्त ओढलं जातं आणि गोळे येतात. "यांना दोन उशा लागायला लागल्यात" किंवा "हल्ली शेवटच्या तासात गोळे येतात" हे बाकावरून कानावर आलं, तर आत तंत्रज्ञांना सांगा. तिच्याकडची ही माहिती कागदावर नसते.

मांस झडण्याचं एक कारण घरातच असतं. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. तोच आहाराचा कागद फ्रिजवर चिकटून राहतो. सुरू झाल्यावर मात्र गरज वाढते, किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. अंड्याचा पांढरा भाग यासाठी उत्तम.

हाताच्या फिस्टुलाबद्दल, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेबद्दल, थोडक्यात. बोटं ठेवली की थरथर जाणवते, ती सकाळ-संध्याकाळ बघायची. थांबली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी केंद्रात. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नको, सुई नको, घड्याळ नको, पिशवी नको. घरी रक्त उडालं तर टॉवेलवर टॉवेल गुंडाळू नका, ते भिजत राहतात. छिद्रावर बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन करा.

पैशांचं तुम्ही तिला विचारायचं नाही, माहिती द्यायची. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेतही रुग्ण आणि सोबत एक जण, दोघांना सवलत मिळते. रक्तवाढीचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत आणायचं असतं. बर्फाला थेट टेकवून आणलं आणि गोठलं, तर फुकट गेलं.

आणि एक प्रश्न जरूर विचारा, "परतीची गाडी कितीची?" सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायला लागतात, मग उठायच्या आधी थोडं बसायला लागतं. शेवटची एसटी चुकेल म्हणून ती नवऱ्याला तसाच उठवते, आणि तो जिन्यात कोसळतो. अशा घराला सकाळची पहिली पाळी मिळवून देणं तुमच्या हातात आहे. त्यासाठी आत जाऊन पाळ्यांच्या वहीत पाहायचं, जवळ राहणारा कोण दुपारी यायला तयार आहे ते त्यालाच विचारायचं, आणि दोघांची नावं बदलून घ्यायची.