एकशे वीस पावलं

(दृश्य: धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं माळरान. सकाळचं तिरपं ऊन, कुसळीचं वाळलेलं गवत. दूरवर पवनचक्क्या.)

ऐंशीच्या पुढचे एक आजोबा बाभळीच्या बुडापासून पावलं मोजत निघालेत. मधेच थांबतात, पुटपुटतात, पुन्हा चालू लागतात. एकशे वीस झाली की काठी रोवतात.

"हितं उभा ऱ्हायचा. ह्याच्या आलीकडं माणूस आला की चालाय लागायचा. पळायचा न्हाई, चालायचा. मान वर करून. पाटलासारका."

आजोबा सांगतायत ते माळढोकाबद्दल. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा नर. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात याहून जड फार थोडे. एवढा ऐवज उघड्या माळावर वागवायचा, तर लपायला जागा कुठली? त्याने लपणं सोडून दिलं आणि अंतर धरलं.

(दृश्य: स्टीलची ताटली. एका बाजूला धणे, दुसऱ्या बाजूला मोहरी.)

हे अंतर बंदुकीला का झेपत नव्हतं, ते या ताटलीत बघू. शिकारीच्या बारा बोअर दुनळी बंदुकीच्या काडतुसात एक गोळी नसते, शेकडो छर्रे असतात. नळीतून बाहेर पडले की ते पांगतात. मोठ्या पक्ष्यासाठी वापरायचा शिशाचा पाच नंबरी छर्रा तीन मिलिमीटरचा, म्हणजे बारीक धण्याएवढा. हवेत त्याला अडवतो तो त्याचा आकार, आणि पुढं रेटतं ते त्याचं वजन. चाळीस यार्डांच्या पुढं छर्रे विरळ होतात, जोरही सरतो. शिकारी मंडळींनी चाळीसची रेघ आखली ती म्हणून. पलीकडं मारलं की पक्षी मरत नाही, जखमी होऊन कुठंतरी काट्यात जाऊन पडतो.

चाळीस यार्ड म्हणजे आजोबांची पंचावन्न-छप्पन्न पावलं. निम्मीसुद्धा नाहीत.

आता मोहरी. अमेरिकेत जंगली टर्की या मोठ्या पक्ष्याची शिकार कायद्याने, परवाना काढून चालते. तिथं गेल्या काही वर्षांत टंगस्टन या जड धातूच्या छर्र्यांचं वेड आहे. शिशाचा एक घन सेंटिमीटर तुकडा 11.3 ग्रॅम भरतो, या टंगस्टन मिश्रणाचा 18 च्या आसपास. त्यामुळं दोन मिलिमीटरचा, मोहरीएवढा नऊ नंबरी दाणाही शिशाच्या धण्याइतकाच खोल शिरतो. शिवाय एका औंसात शिशाचे पाच नंबरी सुमारे 170 दाणे बसतात, हे नऊ नंबरी 360. टर्कीला मारायचं ते डोक्यात आणि मानेत. एवढ्याशा जागेवर जितके जास्त दाणे, तितकं बरं. एका काडतुसाला दहा डॉलरच्या घरात पैसे मोजून लोक आता साठ यार्डांच्या गोष्टी करतात.

गंमत म्हणजे या जड दाण्याची वाट पक्षी वाचवण्याच्या कायद्यातून निघाली. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळत, पोटात दळत आणि शिशाच्या विषाने मरत. म्हणून अमेरिकेने 1991 पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर बंदी आणली. लोक पोलादाकडे वळले. पण पोलाद घन सेंटिमीटरला आठ ग्रॅमही भरत नाही, लवकर दमतं. मग जड आणि बिनविषारी धातूचा शोध सुरू झाला. टर्कीला शिशाची बंदी नव्हती, तिथं हा दाणा पोचला तो निव्वळ पल्ल्याच्या हौसेपायी.

साठ यार्ड म्हणजे आजोबांची त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी पावलं. काठी अजून पुढंच आहे!

(दृश्य: आजोबा बांधावर बसलेले. मागून कडब्याची बैलगाडी जाते.)

मग इथं माळढोक मारला गेला कसा?

"गाडीनं," आजोबा म्हणतात. "बैलाला भीत नसायचा तो. रोजचीच गाडी. मानूस चाकाआड चालायचा. सरळ न्हाई जायचं त्याच्याकडं. वळसं घेत घेत, जसं काय आपलं कामच दुसरं हाय."

दुनळी तीच, छर्रेही तेच. माणूस तेवढा बैलगाडीच्या सोंगात आत शिरला. टर्कीचा शिकारीही तेच करतो म्हणा. झाडाला पाठ लावून मादीचा आवाज काढतो आणि नरालाच जवळ बोलावतो. पुढं जीप आली. मग वळसे घ्यायचीही गरज उरली नाही.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. 1931 मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली, तीही बंदूक घेऊनच. पक्षी टिपायचा, कातडं सोलून जपायचं, हीच तेव्हाची पद्धत. आज छत्रपती संभाजीनगरातल्या ज्या तळ्याला त्यांचं नाव आहे, त्याच्या काठावर पोरं दुर्बिणी घेऊन उभी असतात.

1972 च्या वन्यजीव कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत घातलं. शिकारीला आता तीन ते सात वर्षं कैद. तुळजापूरच्या सीमेपलीकडं, सोलापूरच्या नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं. बंदुका थंडावल्या, पक्षी मात्र घटतच गेला. 1969 च्या अंदाजात देशात 1,260 होते. आता दीडशेच्या आतबाहेर, बहुतेक राजस्थानात. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, कुत्री वाढली. वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, दूरचा माणूस हेरायला उत्तम. नेमकं समोरचं मात्र नीट दिसत नाही. जड शरीर, ऐनवेळी वळता येत नाही. थेट तारेवर.

(दृश्य: कॅमेरा काठीजवळून बाभळीकडे पाहतो.)

आम्ही आजोबांना दुर्बीण दिली. त्यांनी ती उलटीकडून डोळ्याला लावली आणि हसले. मग सरळ करून बराच वेळ माळ न्याहाळला. लांब दोन चिंकारा होते. एक भोरडीचा थवा उठला आणि बसला.

"काय दिसलं?"

"गवात," म्हणाले. काठी उपटली, आणि परत येताना पुन्हा पावलं मोजू लागले.