साई कुंगचा धक्का: मासा निवडण्यापासून बिलापर्यंत

[दृश्य: साई कुंगचा धक्का, दुपार. खाली होड्या, वर कठड्याला टेकलेली माणसं.]

हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमध्ये, पूर्वेच्या बाजूला साई कुंग हे गाव आहे. इथे मेट्रो येत नाही. चोई हुंग स्टेशनवरून १ए नंबरची मिनीबस किंवा डायमंड हिलवरून ९२ नंबरची बस घ्यायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायचं. तिथून पाणी हाकेच्या अंतरावर आहे.

धक्क्यावरून खाली पाहिलं की होड्या दिसतात. होडीभर प्लास्टिकची घमेली मांडलेली असतात आणि एकेका घमेल्यात एकेक जिन्नस असतो. शिंपले, माकूल, खेकडे, हेकरूच्या जातीचे छोटे मासे. पाण्यात हवेच्या नळ्या बुडबुडत असतात. गिऱ्हाईक वर आणि विकणारी खाली. भाव वरूनच विचारायचा, बोटाने मासा दाखवायचा. मग लांब दांड्याच्या जाळीतून पिशवी वर येते. पैसेही त्याच जाळीत टाकायचे, सुटे परत तसेच वर येतात. सांगितलं तर खवले, कल्ले, आतडी सगळं होडीतच साफ करून मिळतं.

धक्क्याला लागूनच रेस्टॉरंटांची रांग आहे. प्रत्येकाच्या दारात काचेच्या टाक्या एकावर एक रचलेल्या. घरच्या सगळ्यांना घेऊन इथे आलं की पाय आपोआप टेबलाकडे वळतात, लहानांना भूक लागलेली असते, मोठ्यांना बसायचं असतं. पण इथलं जेवण बिघडतं किंवा जमतं ते टाकी आणि तराजू यांच्यामधल्या दहा मिनिटांत. म्हणून घरातल्या एकाने मंडळींना बसवून द्यावं, चहा मागवावा, आणि दुसऱ्या एकाला सोबत घेऊन टाकीपाशी उभं राहावं.

[दृश्य: लेई यु मुनची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना टाक्या.]

पद्धती दोन आहेत. एकीत टाकीही रेस्टॉरंटची आणि स्वयंपाकघरही त्याचंच. साई कुंगला आणि लामा बेटावरच्या सोक क्वू वानला बहुतेक ठिकाणी हेच चालतं. दुसरी पद्धत लेई यु मुनची. व्हिक्टोरिया बंदराच्या पूर्वेच्या तोंडाशी असलेल्या या जुन्या कोळीवाड्यात मासळीवाला वेगळा आणि रेस्टॉरंट वेगळं. मासळी विकत घ्यायची, तिचे पैसे तिथेच चुकते करायचे, मग ती रेस्टॉरंटमध्ये नेऊन शिजवून घ्यायची आणि शिजवणावळ वेगळी द्यायची. ही शिजवणावळ कुठे दर पदार्थाला असते, कुठे वजनावर. लसूण-शेवया घालून वाफवायचं, चीज घालून बेक करायचं, की नुसतं उकडायचं, यावर दर बदलतो. मासळी घेण्याआधी रेस्टॉरंटमध्ये जाऊन हा दर विचारावा. मासा हातात आल्यावर घासाघीस करायची सोय उरत नाही. साई कुंगच्या होडीवरून घेतलेला मासा शिजवून देणारी ठिकाणंही आहेत, पण सगळी देत नाहीत. तेही आधी विचारून ठेवायचं.

आता वजन. इथला भाव किलोवर नसतो, कॅटीवर असतो. हाँगकाँगची एक कॅटी म्हणजे साधारण ६०५ ग्रॅम. तिचे १६ भाग पाडले की एक टेल, म्हणजे जवळपास ३८ ग्रॅम. चीनच्या मुख्य भूमीवरची कॅटी ५०० ग्रॅमची, त्यामुळे सीमेपलीकडच्या शेन्झेन शहरातला भाव डोक्यात ठेवून इथला भाव तोलू नये.

हिशेब असा. पाटीवर कॅटीला ४०० हाँगकाँग डॉलर लिहिलं आहे आणि मासा भरला १ कॅटी ४ टेल. म्हणजे सव्वा कॅटी, ५०० डॉलर. इथपर्यंत सरळ आहे. घोटाळा होतो तो पाटी वाचताना. काही जिनसांचा भाव टेलवर असतो, काहींचा नगावर. टेलचा भाव कॅटीचा समजून घेतला तर बिल सोळा पट येतं. ज्याच्यापुढे आकडाच नाही, नुसता 'बाजारभाव' लिहिलाय, त्याचा भाव विचारल्याशिवाय त्याला बोट लावू नये. मासा तराजूवर असताना तीन आकडे कागदावर लिहून मागावेत: वजन, दर, एकूण रक्कम. कोणी रागावत नाही, इथली गिऱ्हाइकंही हेच करतात.

तराजूकडे पाहताना पिशवीकडे पाहावं. पिशवीत वाटीभर पाणी राहिलं तरी तीन-चार टेल वाढतात. 'पाणी काढा' एवढं हाताने खुणावलं तरी पुरतं. खेकड्याच्या नांग्या जाड ओल्या दोरीने बांधलेल्या असतील तर दोरी वजनात धरली आहे का, ते विचारावं. आणि तोललेल्या माशाचा फोटो काढून ठेवावा. ताटात आलेला मासा आणि फोटोतला मासा, लांबी आणि अंगावरचे ठिपके जुळतात का, एवढं पाहिलं की झालं.

[दृश्य: टाकीतला मासा, अगदी जवळून. कल्ल्यांची उघडझाप.]

चांगला मासा ओळखायचा कसा? पाण्यात सरळ उभा असतो. कल्ले एका लयीत उघडतात-मिटतात. डोळा स्वच्छ, अंगावर लाल चट्टे किंवा पांढरट साय नाही. तळाशी कलंडलेला, कोपऱ्यात तोंड खुपसलेला मासा स्वस्तात मिळतो, पण तो तळायला ठीक, वाफवायला नको.

आकार मात्र जपून निवडावा. कुटुंब मोठं आहे म्हणून मोठा मासा घ्यायचा मोह होतो. वाफवण्यासाठी १ ते सव्वा कॅटीचा, म्हणजे ६०० ते ७५० ग्रॅमचा मासा सर्वांत चांगला. त्याहून मोठा घेतला तर डोक्यामागचा जाड भाग शिजेपर्यंत शेपटी कोरडी पडते. माणसं दहा असतील तर एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घ्यावेत.

मोठा मासा टाळायला आणखी गंभीर कारण आहे: सिग्वाटेरा. प्रवाळ खडकांवरच्या सूक्ष्म शैवालात तयार होणारं विष लहान माशांत जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं. हेकरूच्या कुळातले मोठे मासे यात येतात. या विषाला चव नाही, वास नाही आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. उलट्या, जुलाब, ओठ आणि हातपाय बधिर होणं, गार वस्तू भाजल्यासारखी लागणं ही लक्षणं. असं काही जाणवलं तर लगेच इस्पितळ गाठावं आणि काय खाल्लं ते सांगावं. प्रवाळातल्या माशांचं डोकं, कातडी, काळीज आणि गाबोळी यांत विष जास्त साठतं. आपल्याकडे माशाचं डोकं आवडीने खाणारे खूप, त्यांनी मासा लहान असेल तरच हा हट्ट धरावा.

आणि एक मासा टाकीत दिसला तरी मागू नये. कपाळावर टेंगूळ असलेला, जाड ओठांचा हंपहेड रास. २००४ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याच्या व्यापारावर नियंत्रण आलं, कारण तो झपाट्याने संपत चालला आहे.

टाकीतलं सगळं समोरच्या समुद्रातलं असतं, असंही समजू नये. हाँगकाँगने आपल्या पाण्यात ट्रॉलिंगला, म्हणजे बोटीमागे जाळं ओढत नेऊन मासे पकडण्याला, ३१ डिसेंबर २०१२ पासून बंदी घातली. कोकणात जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात, तशी दक्षिण चीन समुद्रातही मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मासेमारी बंद असते. टाकीतले बरेच मासे, शेवंडी आणि खेकडे परदेशातून किंवा मत्स्यशेतीतून येतात. त्यात वाईट काही नाही. फक्त 'समोरच पकडलेला' म्हणून चढा भाव द्यायची गरज नाही.

आठ माणसांसाठी, त्यात दोन मुलं धरून, बेत असा बसतो. सव्वा कॅटीचा एक मासा. एक कॅटी जिवंत कोळंबी, नुसती उकडलेली. माणशी एक स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचा शिंपला, लसूण आणि मुगाच्या शेवया घालून वाफवलेला. एकेक कॅटीचे दोन खेकडे. काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात परतलेले, बोटभर लांबीचे रेझर क्लॅम, म्हणजे लांबट अरुंद शिंपले, एक ताट. एक पालेभाजी, एक फ्राइड राइस. शेवंड हवी असेल तर खेकडे वगळावेत. तिच्याखाली ई-फू नूडल्स येतात, त्यामुळे भातही लागत नाही.

खेकडा निवडण्यात कोकणातल्या माणसाला कोणी शिकवू नये. पोटाखालची झाकणी रुंद ती मादी, अरुंद तो नर. आकाराच्या मानाने हातात जड लागला आणि पोटाची कवची दाबून लवली नाही, की भरलेला. हलका लागणारा नुकताच कात टाकलेला असतो, त्यात मांसापेक्षा पाणी जास्त.

[दृश्य: स्वयंपाकघर. भांड्यावरचं झाकण उचललं जातं, वाफ.]

आता तो मासा. कॅन्टनी स्वयंपाकात मसाला जवळजवळ नाहीच, म्हणून लपवायला जागा नाही. पाणी आधी खळखळून उकळलेलं हवं. थाळीवर दोन चॉपस्टिक आडव्या ठेवून त्यांवर मासा ठेवतात, म्हणजे खालूनही वाफ फिरते. तसं केलं नाही तर खालची बाजू स्वतःच्याच पाण्यात उकडते आणि मऊ पडते. ६०० ग्रॅमच्या माशाला मोठ्या आचेवर आठ मिनिटं. मग आच बंद करून, झाकण न काढता आणखी एक-दोन मिनिटं. थाळीत जमलेलं गढूळ पाणी ओतून टाकतात, हिंवस वास असतो तो त्यातच. वर पातीच्या कांद्याच्या बारीक काड्या आणि कोथिंबीर. त्यावर धूर निघेपर्यंत तापवलेलं शेंगदाण्याचं तेल, की चर्रर् आवाज होऊन पातीचा वास सुटतो. शेवटी सोया सॉस, थोडी साखर आणि पाणी एकत्र उकळून केलेला रस. तो माशावर ओतत नाहीत, कडेने सोडतात, म्हणजे वरचं पांढरं मांस खारट होत नाही.

मासा जिवंत होता का, हे ताटात कळतं. पर ताठ उभे राहतात, कातडी एखाद्या ठिकाणी तडकते, डोळा पांढरा होऊन बाहेर येतो. डोळा खोल गेलेला आणि मांस पिठूळ असेल तर मासा बराच आधी मेलेला होता.

डोक्यामागे चॉपस्टिक घातली की मांस काट्यापासून सहज सुटलं पाहिजे, पण काट्यालगत किंचित गुलाबी छटा राहते. इथे हेच कौशल्य समजतात. आपल्याकडची मंडळी मात्र कच्चा म्हणून ताट परत पाठवतात. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध असतील तर पूर्ण शिजवायला आधीच सांगावं. त्याला एक-दोन मिनिटं जास्त लागतात. शिजून आलेला मासा पुन्हा वाफेवर ठेवला तर वातड होतो.

खेकड्याला दोन वाटा. आलं-पात घालून, किंवा टायफून शेल्टर पद्धतीने. वादळात होड्या आसऱ्याला येत त्या कॉजवे बेच्या खाडीत, होडीवर राहणाऱ्या लोकांच्या हातून ही पद्धत आली. तळलेल्या लसणाचा सोनेरी चुरा, सुकी मिरची आणि आंबवलेलं काळं सोयाबीन. मराठी जिभेला हा पहिल्या घासात आवडतो. फक्त लसूण एक क्षण जास्त तळला गेला की सगळं ताट कडू होतं. चुरा तपकिरी दिसला तर बोलून दाखवावं.

[दृश्य: गोल टेबल, फिरती काच, हात पुढे येतात.]

चहाच्या पहिल्या किटलीतून वाट्या आणि चॉपस्टिक विसळायच्या, पाणी मोठ्या वाडग्यात टाकायचं. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, वाढणारा समजतो. लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी आलं तर ते बोटं धुवायला असतं. माशाचं डोकं टेबलावरच्या वडीलधाऱ्यांकडे करतात. वरची बाजू संपली की मासा उलटवत नाहीत, होडी उलटते असं कोळी मानतात. मधला काटा उचलून खालचं मांस घेतात.

भात इथे शेवटी येतो. आपण साधा पांढरा भात माशासोबतच मागावा. थाळीतला तो सोयाचा रस भातावर घेतला की मुलं काही न बोलता जेवतात.

घरात कोणी शाकाहारी असेल तर आधी सावध व्हावं. पालेभाजीवर ऑइस्टर सॉस असतो आणि तो कालवांचा असतो. सूपमध्ये हाडांचा अर्क, कढईत आधीच्या पदार्थाचं तेल. आपली नाळीची भाजी इथे हमखास मिळते, पण ती बहुधा कोळंबीची आंबवलेली चटणी घालून किंवा आंबवलेल्या टोफूत परततात. 'फक्त लसूण आणि तेल, मासे-मांस नको, ऑइस्टर सॉस नको, कढई धुवून घ्या' एवढं चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेवावं. मीठ-मिरीचा तळलेला टोफू, मिश्र भाज्या आणि भात यांत एक जेवण नीट होतं. तरी ज्या आजींना एकाच तेलाचंही चालत नाही, त्यांच्यासाठी घरून डबा आणलेला बरा. शेंगदाण्याची किंवा कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर इथे जेवायचंच नाही, असं ठरवावं.

बिलात पाच गोष्टी असतात: मासळी, शिजवणावळ, माणशी चहा, न मागता आलेले शेंगदाणे किंवा लोणचं, आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क. शेंगदाणे नको असतील तर येताक्षणी परत द्यावेत. एक दाणा खाल्ला तरी ते धरले जातात. तराजूपाशी लिहून घेतलेला कागद बिलाशेजारी ठेवून आकडे जुळवावेत.

सोक क्वू वानला गेलात तर सेंट्रलच्या ४ नंबर धक्क्याची परतीची फेरी बसण्यापूर्वीच पाहून ठेवा, फेऱ्या मोजक्या असतात. पावसाळ्यात वादळाचा ८ नंबरचा इशारा लागणार असल्याची बातमी आली, तर मासा तराजूवर चढवायच्या आधी निघा. इशारा लागला की फेरीबोटी बंद होतात.