पावणेचारशे घोडे, मुक्काम इंदूर

(पीथमपूर. ट्रॅकचं दुरून दृश्य.)

इंदुरातून निघून तासाभराच्या आत पीथमपूर येतं. कारखान्यांची रांग संपली की नॅट्रॅक्सचं आवार लागतं. वाहनांच्या चाचण्यांसाठी सरकारनं उभारलेलं हे केंद्र. इथला 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक 29 जून 2021 रोजी सुरू झाला, तेव्हा आशियातला सगळ्यात लांब म्हणून जाहीर झाला. रुंदी 16 मीटर. चढ नाही, उतार नाही. वळणांवर रस्ता आतल्या अंगाला असा कलता ठेवलाय की ताशी 250 किलोमीटर वेगानं आलेली गाडी स्टिअरिंग न फिरवता वळण घेते. त्या वेगात दर सेकंदाला जवळपास 70 मीटर मागे पडतात आणि पावणेतीन मिनिटांत फेरी आटपते.

इथे गाड्या येतात त्या कंपन्यांच्या, चाचणीला. ज्यांनी पदरचे पैसे घालून वेगवान गाडी घेतली, ते इंदूरकर पलासियाच्या सिग्नलला उभे असतात.

(पलासिया. संध्याकाळचे सात. दुचाक्यांच्या गराड्यात एक गडद निळी सेडान.)

ही गाडी एका डॉक्टरबाईंची. बाई भूलतज्ज्ञ आहेत, माहेरचं आणि सासरचं घर राजेंद्रनगरातच. गाडी बीएमडब्ल्यू एम 340 आय. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, पावणेचारशेच्या आसपास अश्वशक्ती, 500 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायची ओढ), चारही चाकांना ताकद. थांबलेल्या जागेवरून शंभरचा वेग साडेचार सेकंदांच्या आत. भारतात चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर मोटारीची कमाल मर्यादा केंद्रानं 2018 साली ताशी 100 ठरवली. म्हणजे या गाडीत साडेचार सेकंदांत कायदा संपतो.

सिग्नलला शेजारी स्कूटरवाला काच वाजवतो. प्रश्न ठरलेला: “दीदी, कितना देती है?” बाई खरं सांगतात. शहरात सात-आठ. स्कूटरवाला दुखवट्याला आल्यासारखी मान हलवतो आणि सिग्नल सुटायच्या आत निघून जातो.

(नंबर प्लेट, जवळून.)

नंबर एमपी 13, म्हणजे उज्जैनचा. बाईंचं उज्जैनला ना घर, ना दवाखाना. भानगड अशी आहे. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला. तिथे गाडी घेतली की रस्ताकरात निम्मी सूट मिळते. 2024 पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यातही तीच सोय झाली. अट एवढीच की नोंदणी तिथल्याच आरटीओत करायची. छोट्या गाडीला ही सूट हजारांत मिळते, अशा गाडीला लाखांत. म्हणून इंदुरात भारी गाडी दिसली की आधी नंबर बघावा. एमपी 09 निघाला, तर मालकाला मेळ्यापर्यंत धीर धरवला नाही असं खुशाल समजावं.

उज्जैनहून गाडी आली ती थेट खजरान्याला. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या गणपतीपुढे इंदुरात मोपेडपासून डंपरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला हार, चारही चाकांखाली लिंबं. गुरुजींनी सांगितलं, “हळू पुढे घ्या, ताई.” पावणेचारशे घोड्यांचं पहिलं काम, चार लिंबं चिरडणं. तेही गाडीनं सावकाश, आवाज न करता केलं.

(माणिकबाग. बाहेरून, फाटकाशी.)

वेगवान गाडीचं कौतुक इंदूरला नवं नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीकडून एसजे ही गाडी घेतली. 6.9 लिटरचं, आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेलं इंजिन. कंपनी 320 अश्वशक्ती सांगायची, आणि हे त्या काळात, जेव्हा राजवाड्यासमोर टांगे उभे असत. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली, नारिंगी आणि काळ्या रंगात. ती गाडी आता भारतात नाही. महाराजांसाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसिअस यांनी उभारलेला माणिकबाग राजवाडा मात्र जागेवर आहे, आणि आज तिथे कस्टम्स आणि जीएसटीचं कार्यालय बसतं. परदेशात पूर्ण तयार होऊन आलेल्या महाग मोटारीवर आज आयात शुल्कच किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त पडतं. ज्यांनी ड्यूझेनबर्ग घेतली त्यांच्याच वाड्यात हे खातं यावं, यात कोणाचीच योजना नसणार. बाईंची गाडी चेन्नईत जुळवलेली, म्हणून तो भार बराच हलका.

(गाडीच्या आतून. सकाळ, कॉलनीतला रस्ता.)

आता चालवण्याबद्दल. अशा गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस थोडा हिरमुसतो. कम्फर्ट मोडमध्ये ती एखाद्या शांत, महागड्या सेडानसारखीच चालते. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांची पिस्टनं एकमेकांचे धक्के जवळजवळ पूर्ण खोडून काढतात, त्यामुळे सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून कळतं. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा, आठ गिअरचा. रोजच्या वापराला हा मोठाच गुण. दोन क्लचचे गिअरबॉक्स ट्रॅकवर चपळ असतात खरे, पण मुंगीच्या चालीनं सरकणाऱ्या गर्दीत त्यांचा क्लच अर्धवट पकडत राहतो आणि तापतो. राजवाडा ते जवाहर मार्ग हे अंतर मे महिन्याच्या दुपारी कापायचं असेल, तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरला.

स्पोर्ट मोड लावला की स्वभाव पालटतो. पाय नुसता टेकवला तरी गाडी झेपावते. शहरात हा मोड कामाचा नाही. डावीकडून ई-रिक्षा, उजवीकडून उलट्या दिशेनं आलेली दुधाची मोटरसायकल, आणि पायाखाली बंदूक. स्टिअरिंग अचूक आहे, पण अबोल. रस्ता खरखरीत आहे की गुळगुळीत, हे हाताला फारसं कळत नाही. आणि आत येणारा तो भारदस्त आवाज थोडाफार स्पीकरमधून वाढवलेला असतो. हे कळल्यावर बाईंचा मुलगा दोन दिवस नाराज होता.

रस्ता कळतो तो पाठीला. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. साध्या गाडीची मऊ स्प्रिंग या लाटा गिळून टाकते. कडक सस्पेन्शनची गाडी प्रत्येक लाट मोजून पाठीला कळवते. साठच्या वेगात मागे बसलेला माणूस डुलत नाही, झटके खातो.

गतिरोधकांची कथा आणखी निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, ताशी 25 ला आरामात ओलांडता येईल असा. कॉलनीतले गतिरोधक रहिवासी संघाच्या रागातून जन्माला येतात. रुंदी हातभर, उंची रागाच्या प्रमाणात. चार माणसं बसली की बाई तिथे गाडी तिरकी घालतात, एकेक चाक वर चढवत. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. पोर्शे 911 सारख्या गाडीत जमिनीपासूनचं अंतर आणखी कमी. तिथे बटण दाबून नाक सुमारे 40 मिलिमीटर उचलायची सोय पैसे भरून घेता येते. नव्या गाड्यांत ही यंत्रणा जीपीएसवरून जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून नाक वर करते. इंदुरात तिची स्मरणशक्ती पुरेल का, हा प्रश्नच आहे.

(टायरचं दुकान. टायरच्या कुशीवर आलेला फुगा, जवळून.)

हा फुगा बघा. लिंबाएवढा, टायरच्या कुशीवर. एका पावसाळी रात्री शस्त्रक्रियेचा फोन आला, बाई निघाल्या, पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. रबराची कूस जेमतेम चार बोटांची. धक्का झेलायला जागाच नाही, तो थेट आतल्या दोऱ्यांवर गेला. दोरे तुटले की हवा तिथून बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही. टायर तीसेक हजारांच्या पुढचा, आणि एकावर भागत नाही. चारही चाकं चालवणाऱ्या यंत्रणेला झिजलेलं आणि कोरं चाक एकत्र सोसत नाही, घेरातल्या फरकानं आतल्या क्लचवर ताण येतो. म्हणून निदान जोडी बदलायची. साधी विमा पॉलिसी नुसता टायर गेल्यावर हात वर करते. त्यासाठी टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते बाईंनी दुसऱ्या वर्षी घेतलं.

पेट्रोलची कटकट त्यामानानं कमी. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन चांगला, म्हणजे ते दाबाखाली अवेळी पेटत नाही, इंजिनात खडखड होत नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळे स्कूटरवाल्याला सांगायचा आकडा आणखी खाली जातो.

(रविवार, पहाटे. महूच्या पुढे. मागच्या सीटवर बाबा.)

मग ही गाडी घ्यायची कशाला? याचं उत्तर महूच्या पुढे मिळतं. महू ते मंडलेश्वर रस्त्यावर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे. तिथे माळव्याचं पठार एकदम संपतं. विंध्याची कड, खाली निमाड, आणि त्यात उतरत जाणारा नागमोडी घाट.

बाबा म्हणजे बाईंचे वडील. राज्य परिवहनच्या बसवर ड्रायव्हर होते, 2005 मध्ये महामंडळ गुंडाळलं जाईपर्यंत. निमाडात उतरणाऱ्या बसा त्यांनी आयुष्यभर चालवल्या. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेले पोहे आहेत, वर शेव, वेगळ्या पुडीत जिलबी. महेश्वरच्या घाटावर बसून खायचे म्हणून इंदुरातून घेतलेले. महेश्वरला पोहे मिळत नाहीत असं नाही, पण बाबांना ते मान्य नाही.

“ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं,” बाबा मागून सांगतात.

“बाबा, ही ऑटोमॅटिक आहे.”

“तिला ऑटोमॅटिक कळतं, तुला घाट कळायला हवा. मागच्या पट्टीनं खाली आण.”

ते बरोबर सांगतायत. स्टिअरिंगमागची पट्टी ओढून बाई दुसऱ्या गिअरवर येतात. इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात. सतराशे किलोंची गाडी उतारावर फक्त ब्रेकनं आवरत नेली, तर डिस्क तापतात, आणि ब्रेक ऑइल जुनं होऊन त्यात ओल शिरली असेल तर ते उकळतं. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. बसला हा नियम होता, वेगवान गाडीलाही तोच आहे. तिचे ब्रेक मोठे, तशी चूक करायची मुभाही मोठी, एवढाच फरक.

खरी मजा परतीला, चढावर. वळणाच्या आधी ब्रेक, वळणाच्या पोटात स्थिर पाय, आणि बाहेर पडताना हळूहळू दाब. साध्या गाडीत इथे इंजिन रडतं, गिअर खाली-वर होत राहतो. या गाडीत इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच सगळा टॉर्क हाताशी, त्यामुळे पन्नास-साठच्या वेगातही चढ जाणवत नाही. नाक वळणात शिरतं आणि मागची चाकं ढकलून सरळ करतात. चारही टायरांनी रस्ता धरल्याचं आता, शेवटी, कमरेला कळतं. वेगाचा काटा पासष्टच्या वर गेलेला नाही. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, बाईंनी जागच्या जागी वेग उतरवला. बाबांनी जिलबीच्या पुडीवर हात ठेवला.

शून्य ते शंभर किती सेकंदांत, या आकड्यासाठी लोक या गाड्या घेतात. मला विचाराल तर तो आकडा पार्टीत सांगायला ठीक आहे. पैसे वसूल होतात ते वीस ते साठमध्ये, अशा रस्त्यावर, दुकानं उघडायच्या आत.

(राजेंद्रनगर. घरासमोर. डिकी उघडी.)

पुढच्या दोन टायरांची नक्षी आता संपत आली आहे. घरात त्यावरून वाद चालू आहे. कंपनीचे रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी 80 नं साधारण 80 किलोमीटर जातात, पण त्यांची कूस कडक, आणि माळव्याच्या लाटांत तीच पाठीला लागते. बाईंना चारही साधे टायर घालायचेत. गाडी मऊ होईल, खर्चही कमी येईल. पंक्चर झालं तर डिकीत हवेचा छोटा पंप आणि भोक बुजवायच्या द्रवाची बाटली ठेवायची.

बाबा डिकीत वाकून बघतात. गालिचा उचलतात. खाली चाक नाही.

“म्हणजे यात स्टेपनीच नाही?”

“नाही बाबा, नसतेच.”

“स्टेपनीशिवाय डेपोतून गाडी काढली असती, तर मेमो मिळाला असता मला. आणि तू रात्री दोनला ही बाटली घेऊन जाणार?”

टायरवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही.